बाळंतपणाच्या रजेत दुसरी नोकरी: दोन्ही पगार मिळतात का?

‘रजा आपल्या हक्काची, त्या काळात दुसरीकडे काम केलं तरी दोन्ही पगार मिळतात,’ असा निरोप अनेक वर्षं फिरतोय. हातात लहान बाळ आणि वाढलेला खर्च असताना तो खरा वाटणं साहजिकच आहे.

रजा हक्काचीच आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे झाली. पण हा पगार कामापासून दूर राहता यावं म्हणून मिळतो. म्हणून १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम १८ मध्ये लिहिलं होतं, की मंजूर रजेत बाईने कुठल्याही आस्थापनेत काम केलं तर तेवढ्या काळाच्या लाभावरचा तिचा हक्क जातो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा नियम आहे. ‘तेवढ्या काळाच्या’ हे शब्द नीट वाचा. चार आठवडे काम केलं म्हणून सगळे सव्वीस बुडत नाहीत.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तर मालकाने जाणूनबुजून कामावर ठेवणंच मना आहे. ही तरतूद आईच्या तब्येतीसाठी आहे, ती मला फार मोलाची वाटते.

आता स्वतः तपासा. आधी नेमणूकपत्र काढा. ‘अन्यत्र नोकरी करणार नाही’ अशी अट पुष्कळदा मागच्या पानावर असते, आणि ती रजेतही लागू राहते. मग पीएफचं पासबुक उघडा. दोन ठिकाणी पीएफ कापला गेला, तर एकाच यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाखाली, त्याच महिन्यात दोन आस्थापनांची नावं दिसतात. शंका राहिली तर एचआरकडून लेखी उत्तर घ्या.