वांगावर ट्यूब मागण्याआधी एवढं वाचा
(आमच्या मेडिकलमध्ये येणाऱ्या बेळगाव-खानापूर भागातल्या ग्राहकांसाठी)

"हीच ट्यूब द्या ओ, शेजारणीला गुण आलाय." प्लास्टिकच्या पिशवीतून पिळून चपटी झालेली ट्यूब पुढे येते. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली, तर बहुतेक वेळा तीन औषधं निघतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. थोड्याच दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून विश्वास बसतो. पण महिनोन् महिने लावत राहिलं की कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. बंद केलं की वांग परत येतो, कधी आधीपेक्षा गडद. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिली तर हीच ट्यूब उपयोगी पडते. म्हणून चिठ्ठीशिवाय आम्ही ती देत नाही. कृपया राग मानू नका.

वांग दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर येतो. ऊन, गरोदरपण, पाळणा लांबवायच्या गोळ्या, घराण्यातली ठेवण, अशी त्याची कारणं. यातलं आपल्या हातात असतं ते ऊन, आणि ते ढगांतूनही लागतं. त्यामुळे खानापूरकडे भर पावसात रोप लावतानाही चेहरा झाका. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त हवं. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीची रेघ ओढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन वांगाला जास्त उपयोगी, कारण नुसत्या उजेडानेही डाग गडद होतो.

वांगावर लावायचं अॅझेलिक अॅसिडचं मलम सावकाश काम करतं, फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. धीर धरा. लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, कातडी भाजून नवे डाग पडतात. दिवस गेले असतील तर काहीही घेण्याआधी आम्हाला सांगा.

प्रत्येक काळा डाग वांग नसतो. टिकलीच्या जागी खाज येऊन डाग पडला तर ती टिकली बंद करा. मानेमागची कातडी जाड, मखमलीसारखी काळी झाली असेल तर आधी साखर तपासा. तीळ वाढला, रंग बदलला, रक्त आलं तर थेट चर्मरोगतज्ज्ञांकडे जा.

घरात अर्धी वापरलेली ट्यूब असेल तर घेऊन या. आत काय आहे ते मराठीत वाचून सांगतो, त्याचे पैसे नाहीत.