टॅबलेटवरचा गल्ला आणि काचेवरच्या पिनचा वाद

दुकानदाराच्या किंवा वेटरच्या हातातल्या साध्या मोबाइलवर ग्राहकाने आपला पिन टाकावा का, या प्रश्नाने मोबाइल पीओएसच्या, म्हणजे फोन किंवा टॅबलेटवर बिल करून पैसे घेण्याच्या व्यवस्थेच्या, वाटचालीत जितका वेळ खाल्ला तितका दुसऱ्या कशानेच खाल्ला नाही. टॅबलेटवर बिल करणे, टेबलापाशी उभे राहून ऑर्डर थेट किचनला पाठवणे, साठ्याचा हिशेब क्लाउडवर ठेवणे हे सगळे त्यामानाने बिनबोभाट रुळले. कार्डाने पैसे घ्यायची वेळ आली की मात्र गाडी अडायची. आज फोनच स्वाइप मशीन झाला आहे, पण तो होताना काही ग्राहक, विशेषतः दृष्टिहीन, मागे राहिले. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिले जाते.

गल्ल्याचे यंत्र मुळात अविश्वासातून आले. १८७९ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटनमध्ये एका मद्यालयाच्या मालकाने, नोकर मधल्यामध्ये पैसे खातात म्हणून, विक्रीची नोंद ठेवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याच राज्यात जून १९७४ मध्ये सुपरमार्केटच्या काउंटरवर पहिला बारकोड वाचला गेला. पडद्यावरचे रंगीत चौकोन बोटाने दाबून ऑर्डर घेण्याची पद्धत १९८६ मध्ये एका रेस्टॉरंटचालकाने घरगुती वापराच्या संगणकावर करून दाखवली. आजच्या टॅबलेटवरचा पडदा पाहिला तर तो बराचसा त्याच कल्पनेवर चालतो.

हातात धरून वापरायची यंत्रेही स्मार्टफोनच्या आधीची आहेत. पण ती त्या एकाच कामासाठी बनवलेली, जाडजूड आणि महाग होती, आणि बिघडली की विकणाऱ्याकडेच पाठवावी लागत. लहान धंदा त्यांच्या वाटेला जात नसे. २००९ मध्ये एका अमेरिकन संगणक कंपनीने स्वतःच्या दुकानांतली अशी हातयंत्रे काढून टाकली आणि विक्रेत्यांच्या हाती आपलाच खिशातला म्युझिक प्लेअर दिला. त्याला मागून कार्ड आणि बारकोड वाचणारे कवच बसवलेले होते. गिऱ्हाईक उभे असेल तिथेच बिल होऊ लागले. बाजारात कोणालाही विकत मिळणारे उपकरण गल्ल्याचे काम करू शकते, हे लोकांना तिथे दिसले.

त्यानंतरच्या दोन वर्षांत सगळे फार वेगाने घडले. २०१० मध्ये हेडफोनच्या भोकात खोचायचा चौकोनी कार्ड रीडर आला. त्याचे काम समजून घेतले की पुढचा वादही समजतो. कार्डामागची काळी पट्टी म्हणजे चुंबकीय फीत. ती रीडरच्या हेडवरून सरकली की बारीक विद्युतलहरी उठतात. या रीडरने त्या लहरी माइकच्या तारेतून फोनमध्ये सोडल्या. फोन त्या आवाजासारख्या ऐकायचा आणि ॲप त्या आवाजातून कार्ड नंबर काढायचे. रीडर इतका स्वस्तात बनायचा की तो दुकानदारांना फुकट वाटता आला. पूर्वी कार्ड घ्यायचे तर बँकेचे खाते, अर्ज, तपासणी, मासिक भाडे असे सगळे सोपस्कार करावे लागत. आता ॲप उतरवून धंदा सुरू करता येत होता.

मार्च २०११ मध्ये स्वाइप मशीन बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीने खुले पत्र काढून या रीडरवर तोफ डागली. रीडर आणि फोन यांच्यामध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात बदलून पाठवण्याची सोय, नाही, त्यामुळे कोणीही खोटे ॲप लिहून लोकांची कार्डे वाचू शकेल, असा आरोप होता, आणि तसे ॲप करूनही दाखवले गेले. रीडरवाल्यांचे उत्तर असे की वेटर कार्ड घेऊन आत जातो तेव्हाही तो नंबर उतरवून घेऊ शकतो, आणि फसवणुकीचा भुर्दंड बँक सोसते. आरोप करणाऱ्याचा धंदा धोक्यात होता हे उघड आहे, पण म्हणून आरोप खोटा ठरत नाही. पुढे रीडरमध्ये एन्क्रिप्शन आले. खरा दोष मात्र त्या काळ्या पट्टीत होता. तिच्यावरचा नंबर जसाच्या तसा लिहिलेला असतो आणि दर वेळी तोच असतो. २०१३ च्या अखेरीस एका मोठ्या अमेरिकन दुकानसाखळीच्या काउंटरवरच्या यंत्रांत शिरलेल्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती पळवली. ती यंत्रे मोबाइल नव्हती, प्रस्थापित, मान्यताप्राप्त पीओएसच होती.

एप्रिल २०१० मध्ये आयपॅड आला आणि काउंटरवरचा जाड संगणक हळूहळू हटला. सॉफ्टवेअर एकदाच विकत घेण्याऐवजी महिन्याच्या वर्गणीवर आले. तरीही टॅबलेटच्या आजूबाजूचे सामान जुनेच राहिले. नोटांचा ड्रॉवर सहसा टॅबलेटला जोडलेला नसतो. त्याची टेलिफोनसारखी तार बिलाच्या प्रिंटरमध्ये जाते, आणि बिल छापायच्या आज्ञेसोबत गेलेल्या एका झटक्याने ड्रॉवर उघडतो. म्हणून प्रिंटर बंद पडला की गल्लाही उघडत नाही. किचनमध्येही अजून रिबन लावलेला, खडखड करणारा प्रिंटरच बरा पडतो, कारण थर्मल कागद उष्णतेने काळा होतो आणि शेगडीजवळ टांगलेली ऑर्डर वाचता येईनाशी होते. इंटरनेट गेले तर काय, हा प्रश्न तर सुरुवातीच्या प्रत्येक टॅबलेट पीओएसला नडला. त्यावरचा उपाय म्हणजे व्यवहार यंत्रातच साठवायचे आणि जोडणी आल्यावर पुढे ढकलायचे. त्यात एखादे कार्ड नंतर नाकारले गेले तर नुकसान दुकानदाराचे.

युरोपात हे वारे वेगळ्या दिशेने वाहिले. तिथे पट्टीऐवजी कार्डावरची चिप वाचून पिन विचारण्याची पद्धत आधीच रुजली होती. ब्रिटनमध्ये १४ फेब्रुवारी २००६ पासून सहीऐवजी पिन हाच नियम झाला होता. साहजिकच नुसती पट्टी वाचणारा रीडर तिथे चालणार नव्हता. स्टॉकहोममधल्या एका नव्या कंपनीने चिप वाचणारा रीडर काढला, पण त्यात पिनऐवजी फोनच्या पडद्यावर बोटाने सही घेतली जाई. २०१२ मध्ये एका कार्ड कंपनीने काही नॉर्डिक देशांत हे व्यवहार बंद पाडले. मग बटणे असलेला, ब्लूटूथने फोनला जोडायचा वेगळा पिनपॅड आला. अमेरिका या बाबतीत बरीच मागे राहिली. १ ऑक्टोबर २०१५ पासून चिप न वाचणाऱ्या दुकानदारावर बनावट कार्डाच्या नुकसानीची जबाबदारी टाकली गेली, तेव्हा कुठे तिथली मशीन बदलली.

वादाचे मूळ या वेगळ्या पिनपॅडमध्येच आहे. मान्यताप्राप्त पिनपॅड हा किल्ल्यासारखा बांधलेला असतो. कोणी तो उघडायचा प्रयत्न केला तर माहिती एन्क्रिप्ट करणारे आतले गुप्त संकेत आपोआप पुसले जातात आणि यंत्र निकामी होते. फोनमध्ये यातले काहीच नसते. त्याच फोनवर दुकानदाराचा मुलगा गेम खेळत असेल, कुठलेही ॲप उतरवत असेल. अशा काचेवर ग्राहकाने पिन टाकावा हे सुरक्षावाल्यांना वर्षानुवर्षे पटत नव्हते. दुसरीकडे लहान दुकानदाराची मागणीही रास्त होती. हातात चांगला टॅबलेट असताना वर आणखी एक यंत्र कशाला?

जानेवारी २०१८ मध्ये कार्ड कंपन्यांच्या सुरक्षा मंडळाने साध्या मोबाइलवर पिन घेण्याचे मानक जाहीर केले. त्यातली युक्ती वेगळेपणाची आहे. कार्ड एका छोट्या सुरक्षित रीडरमध्येच वाचले जाते आणि त्याचा नंबर तिथेच एन्क्रिप्ट होतो. पिन मात्र फोनच्या काचेवर. फोनमध्ये शिरलेल्या चोराला पिन मिळाला तरी तो कोणत्या कार्डाचा हे कळत नाही. जोडीला दूरवरचा सर्व्हर त्या फोनवर सतत नजर ठेवतो, आणि काही छेडछाड दिसली की व्यवहार बंद करतो. किल्ल्याच्या जागी पहारा आला. हा निर्णय चुकीचा होता असे मला वाटत नाही. त्यामुळे कार्ड घेण्याचा खर्च खूप खाली आला, आणि तो फायदा सर्वांत लहान धंद्यांना झाला.

पण त्या मानकाची चर्चा जवळपास सगळी चोराभोवती फिरली. पिनपॅडच्या ५ या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. दृष्टिहीन ग्राहक त्यावर बोट ठेवतो आणि तिथून वर, खाली, बाजूला जाऊन आपला पिन स्वतः टाकतो. सपाट काचेवर ना उंचवटा, ना कडा. बोटांच्या हालचालीवरून पिन ओळखता येऊ नये म्हणून काही ॲप अंकांच्या जागा दर वेळी बदलतात. डोळसांना त्याचा थोडासा त्रास होतो, पण ज्याला अंकांची मांडणीच पाठ आहे त्याची वाट पूर्ण बंद होते. मग त्याने काय करायचे? वेटरला पिन सांगायचा. पिन कोणाला सांगू नका असे बजावणाऱ्या व्यवस्थेनेच त्याच्यावर ही वेळ आणली.

हे नुसते तर्काने सांगत नाही. ऑस्ट्रेलियात एका मोठ्या बँकेच्या टचस्क्रीन मशीनविरुद्ध दृष्टिहीन ग्राहकांनी भेदभावाचा दावा २०१८ मध्ये न्यायालयात नेला आणि २०१९ च्या सुरुवातीला तडजोड झाली. बोलून दाखवणारी सोय त्या मशीनमध्ये होती, पण ती कशी सुरू करायची हे गल्ल्यावरच्या माणसाला ठाऊक नसायचे आणि वापरायला ती अवघड होती. गल्ल्यावर उभे राहून, मागे रांग लागलेली असताना, इअरफोन लावून पडद्यावर बोटे फिरवण्याच्या नव्या खुणा शिकणे हे कोणाकडूनही अपेक्षिणे अन्यायाचे आहे.

पुढची पावले पटापट पडली. डिसेंबर २०१९ च्या मानकाने वेगळा रीडरही काढून टाकला. संपर्करहित कार्ड थेट फोनच्या पाठीला टेकवायचे, मात्र त्यात पिन घ्यायचा नाही. महासाथीच्या काळात कशालाही हात न लावता पैसे देण्याची सवय लागली आणि या पद्धतीला जोर चढला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयफोनवरही कार्ड टेकवून पैसे घेता येतील अशी घोषणा झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये आधीचे दोन्ही मार्ग एका मानकात आणले गेले: कार्डही त्याच फोनवर आणि पिनही त्याच काचेवर. पिन आणि कार्ड नंबर वेगळे ठेवण्याची २०१८ ची अट अशा रीतीने चार-पाच वर्षांत ढिली झाली. तिची जागा अधिक कडक पहाऱ्याने घेतली आहे.

सुलभतेच्या, म्हणजे अपंगांनाही यंत्र वापरता यावे याच्या, बाजूने पहिला मोठा दट्ट्या सुरक्षा मंडळाकडून आला नाही, कायद्याकडून आला. युरोपीय संघाचा सुलभता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आणि पैसे घेणारी यंत्रे त्याच्या कक्षेत येतात. आधीपासून वापरात असलेली स्वयंसेवा यंत्रे मात्र त्यांचे उपयुक्त आयुष्य संपेपर्यंत, जास्तीत जास्त २० वर्षे, तशीच ठेवण्याची मुभा सदस्य देशांना देता येते.