१७६६३१९०४९

१७६६३१९०४९ : बीजगणितातील वर्गप्रकृती या प्रकरणामुळे प्रसिद्धीस आलेली दहा अंकी संख्या. जिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच येतो, अशी सर्वांत लहान धन पूर्ण संख्या २२६१५३९८० ही असून त्या येणाऱ्या वर्गाचे मूळ म्हणजे प्रस्तुत संख्या होय. भास्कराचार्यांच्या परिभाषेत येथे ६१ ही प्रकृती, १ हा क्षेप, २२६१५३९८० हे कनिष्ठ मूळ व १७६६३१९०४९ हे ज्येष्ठ मूळ.

प्रकृती ६० असता ज्येष्ठ मूळ ३१ आणि ६२ असता ६३ येते. मधल्या ६१ ला मात्र एकदम अब्जस्थान गाठावे लागते. तरीही चक्रवाल रीतीने, म्हणजे मुळांच्या एका जोडीवरून पुढची जोडी काढत जाण्याच्या आवर्ती रीतीने, हे गणित पाटीवर मावते. आरंभी ८ चा वर्ग ६४ घेतात. तो ६१ हून ३ ने अधिक, म्हणजे ८ व १ ही पहिली जोडी आणि क्षेप ३. एकाच आवर्तनात ३९ व ५ ही जोडी मिळते, कारण ३९ चा वर्ग १५२१ आणि ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, म्हणजे क्षेप उणे ४. ही मुळे निम्मी केली की क्षेप उणे १ होतो. मग ब्रह्मगुप्ताच्या भावनेने, म्हणजे दोन जोड्यांच्या संयोगातून नवी जोडी काढण्याच्या रीतीने, या निम्म्या जोडीचा तिच्याशीच संयोग केल्यास १५२३/२ व १९५/२, त्यांचा पुन्हा मूळ निम्म्या जोडीशी केल्यास २९७१८ व ३८०५, आणि या शेवटच्या जोडीचा स्वतःशी केल्यास इष्ट मुळे मिळतात.

या घडणीच्या खुणा संख्येत राहिल्या आहेत. तिच्यातून १ वजा केल्यास २९७१८ च्या वर्गाची दुप्पट उरते. १ मिळवल्यास ३८०५ च्या वर्गाची १२२ पट होते. वाटेत भेटलेली १५२३ ही अविभाज्य संख्या तिचा अवयव असून दुसरा अवयव ११५९७६३ आहे. ज्येष्ठ मुळाला कनिष्ठाने भागले असता ६१ चे वर्गमूळ इतके जवळ येते की फरकात दशांशचिन्हानंतर १७ शून्ये पडतात.

६१ चे उदाहरण भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात (सु. ११५०) आहे. फ्रेंच गणितज्ञ फेर्मा याने १६५७ मध्ये हाच प्रश्न युरोपीय गणितज्ञांपुढे ठेवला. चक्रवालाचे श्रेय मात्र सर्वस्वी भास्कराचार्यांना देता येत नाही. उदयदिवाकर या टीकाकाराच्या टीकेत (१०७३) जयदेव या गणितज्ञाच्या नावे ही रीत उद्धृत आहे.

भास्कराचार्य आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जलविड असे सांगतात. ते मराठवाड्यातील बीड, असे एक मत आहे. बालाघाट ही सह्याद्रीचीच शाखा असल्याने ते अगदीच निराधार नाही, परंतु त्याची मुख्य भिस्त नामसाम्यावर आहे. विजापूर हेच ते गाव, असेही एक मत आहे, पण ते सह्याद्रीपासून दूर पडते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात (सु. १२०७) भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख असल्याने त्या परिसराचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो, अर्थात मठाचे स्थान व जन्मस्थान एकच असले पाहिजे असे नाही. चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. पुढे गोदाकाठच्या पार्थपुरात, म्हणजे सामान्यतः मानतात त्याप्रमाणे परभणी जिल्ह्यातील पाथरीत, ज्ञानराजाचा पुत्र सूर्यदास याने 'बीजगणिता'वर 'सूर्यप्रकाश' ही टीका लिहिली (सु. १५३८).