मनिला सिटी टूर : बुकिंगआधी एकदा वाचून घ्या

फिलिपिन्स म्हटलं की सगळ्यांना बोराकाय नाहीतर पलावान पाहिजे असतं आणि मनिला म्हणजे नुसतं एअरपोर्ट, रात्री झोपायचं आणि सकाळी पुढची फ्लाइट. आम्ही पॅकेजमध्ये मनिलाला पूर्ण एक दिवस ठेवलाय, तो काढा आणि बीचचा दिवस वाढवा असं बरेच जण सांगतात, म्हणून त्या दिवसात काय दाखवतो ते लिहून देतोय, मग तुम्हीच ठरवा.

सकाळी इंट्रामुरोस. १५७१ मध्ये स्पॅनिश लोकांनी मनिलाला राजधानी केली आणि पुढे पासिग नदीच्या मुखाशी दगडी तट बांधून हे शहर वसवलं, तट साधारण साडेचार किलोमीटरचा. आपण गडकिल्ले फिरलेली माणसं, नुसत्या तटाचं आपल्याला कौतुक नाही, पण आतल्या फोर्ट सँटियागो किल्ल्यात शिरलात की खाली बघत चला. होसे रिझाल म्हणजे फिलिपिनो लोकांचे राष्ट्रपुरुष, डोळ्यांचे डॉक्टर आणि कादंबरीकार, त्यांना स्पॅनिश सरकारने इथे कोठडीत ठेवलं होतं आणि ३० डिसेंबर १८९६ ला सकाळी इथून चालवत नेऊन गोळ्या घातल्या, वय फक्त ३५. ज्या वाटेने गेले तिथे जमिनीत धातूची पावलं बसवलीत, एकामागे एक. शेवटची कविता त्यांनी स्पिरिटच्या छोट्या स्टोव्हमध्ये लपवली होती आणि भेटायला आलेल्या बहिणीला हळूच इंग्रजीत सांगितलं की आत काहीतरी आहे. गोळ्या घातल्या ते मैदान आता रिझाल पार्क, १९१३ चं स्मारक आहे, त्याच्याखालीच त्यांचे अवशेष ठेवलेत आणि पहारा कायम असतो.

मग सॅन अगुस्तिन चर्च, १६०७ चं, युनेस्कोच्या यादीतलं. १९४५ मध्ये जपानी आणि अमेरिकन फौजांची लढाई महिनाभर चालली, त्यात शहरातले सुमारे एक लाख नागरिक गेले आणि इंट्रामुरोस जवळपास सपाट झालं, हे चर्च तेवढं टिकलं. आत मान वर करून छत बघा, कोरीव नक्षी वाटेल पण सगळा सपाट पृष्ठभाग आहे, नुसती रंगाची करामत. जवळचं मोठं कॅथेड्रल मात्र १९५८ ला पुन्हा बांधलेलं आणि कासा मनिला हा जुना वाडा पण नंतर जुन्या पद्धतीने उभारलेला, हे आधीच सांगतो. फर्निचरसाठी बघायला हरकत नाही.

दुपारी नॅशनल म्युझियम, तिकीट नाही, एसी आहे. फाइन आर्टवाल्या इमारतीत हुआन लुना यांचं स्पोलियारियम, साडेसात मीटरच्या वर रुंद, मेलेल्या ग्लॅडिएटरना फरफटत नेतायत असं चित्र, १८८४ ला माद्रिदमध्ये सुवर्णपदक मिळालेलं. पण आमच्या मते खरी वस्तू शेजारच्या अँथ्रोपॉलॉजीच्या इमारतीत आहे, १९८९ च्या सुमारास लगुना प्रांतात सापडलेला ताम्रपट. आकार वहीच्या पानाएवढा, लोक सरळ पुढे निघून जातात. त्यावर तारीख आहे शके ८२२, वैशाख कृष्ण चतुर्थी, सोमवार! म्हणजे इ. स. ९००, स्पॅनिश यायच्या साडेसहाशे वर्षांहून आधी. लिपी कावी, भाषा जुनी मलय, मध्ये मध्ये संस्कृत. आपल्याकडचे ताम्रपट बहुतेक दानाचे असतात, हा कर्जमाफीचा आहे, नामवरन नावाच्या माणसाच्या डोक्यावरचं सोन्याचं कर्ज संपलं आणि त्याची मुलंबाळं मोकळी झाली, थोडक्यात सातबारा कोरा केल्याचा कागद.

संध्याकाळी बिनोंदो, १५९४ पासूनची चिनी वस्ती, जगातली सर्वात जुनी म्हणतात. इथे खाणं आणि गर्दी, दुसरं काही नाही.

शाकाहारी लोकांनी नीट ऐका, तिकडे भाजीच्या डिशमध्ये पण कोळंबीची चटणी किंवा पोर्क असू शकतं, पिनाकबेत नुसती भाजी दिसते पण बागूंग म्हणजे आंबवलेल्या मासे-कोळंबीची चटणी असतेच. ताहो बिनधास्त खा, मऊ टोफू, गुळचट पाक आणि साबुदाण्याचे मोती. जेवण आम्ही आधी सांगून ठेवतो, फॉर्मवर तेवढं लिहा, जैन असाल तर तेही.

कलेसा म्हणजे घोडागाडी, भाडं बसायच्या आधी ठरवायचं, माणशी का गाडीचं तेही विचारायचं. मार्च ते मे ऊन फार, जून ते ऑक्टोबर पाऊस आणि वादळं, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी बरं. मुलं तिकडे मेडिकलला असलेले पालक भेटायला जाताना हा एक दिवस सुटा पण घेऊ शकतात. फक्त सोमवार नको, म्युझियम बंद असतं.