हंस उंच टांगलाय, म्हणजे बरं की वाईट?

'द गूस हँग्ज हाय' हा इंग्रजीतला जुना वाक्प्रचार. शब्दशः पाहिलं तर हंस उंच टांगलेला आहे. आता ही बातमी चांगली की वाईट? इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही आज हे सहसा सांगता येत नाही, कारण तो वापरातून गेलाय.

बोअझ केसार आणि ब्रिजेट ब्लाय या संशोधकांनी 1995 साली नेमका याचाच फायदा घेतला. असे विस्मरणात गेलेले वाक्प्रचार त्यांनी लोकांना शिकवले. काहींना खरा अर्थ (सगळं छान चाललंय), तर काहींना बरोबर उलटा. गंमत अशी, की ज्याला जो अर्थ कळला तोच त्याला शब्दांत दिसू लागला. दुसरा अर्थ ओढूनताणून लावल्यासारखा वाटू लागला. म्हणजे वाक्प्रचाराचा 'उघड' अर्थ बऱ्याचदा कळल्यानंतरच उघड होतो. 'जरा डोकं चालव, शब्दांतच आहे की!' असं विद्यार्थ्याला सुनावणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

ऐकणाऱ्याच्या सवयीचाही यात मोठा भाग असतो. 'अ‍ॅट दी एंड ऑफ द डे' म्हणजे 'सरतेशेवटी'. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाचकांच्या डोळ्यांची हालचाल टिपली होती. मातृभाषकांची नजर अशा ठरीव शब्दसमूहांवरून नेहमीच्या वाक्यरचनेपेक्षा झरझर पुढे गेली. इंग्रजी नंतर शिकलेल्यांना तसा वेग मिळाला नाही. उलट लाक्षणिक अर्थाच्या ठिकाणी ते शब्दशः अर्थापेक्षा जास्त रेंगाळले. बोलण्यात तर रेंगाळायला सवडच नसते, समोरचा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो.

मग शिकणारा करतो काय? संशोधक थॉमस कूपर यांनी 1999 मध्ये 18 जणांना विचार मोठ्याने बोलून दाखवत 20 वाक्प्रचार सोडवायला लावले. सर्वात जास्त वापरली गेलेली युक्ती म्हणजे संदर्भावरून अंदाज, आणि तीच सर्वात कामी आली.

आपली भाषाही मदतीला येते. 'जखमेवर मीठ चोळणं' आणि 'डोक्यावरून जाणं' इंग्रजीत जवळजवळ जसंच्या तसं आहे. पण याच भरवशावर 'यू आर पुलिंग माय लेग' ऐकलं की घात होतो. तिकडे ती निव्वळ थट्टा. आपल्याकडे पाय खेचणारा म्हणजे बढती रोखणारा सहकारी! अनोळखी वाक्प्रचारापाशी माणूस निदान थबकतो, इथे चुकलंय हेच कळत नाही.

पाठांतरापेक्षा उगम सांगितला तर वाक्प्रचार जास्त लक्षात राहतात, असं बेल्जियमचे भाषासंशोधक फ्रँक बूर्स यांच्या प्रयोगांत दिसलं. 'शो समवन द रोप्स' म्हणजे नवख्याला काम शिकवणं. यातले रोप्स हे शिडाच्या जहाजावरचे दोर. कोणता दोर कशाचा, हे नव्या खलाशाला आधी शिकावं लागे. अर्थात उगम पक्का ठाऊक असेल तरच हे चालतं. मरण्याला 'किक द बकेट' का म्हणतात, ती बादली नेमकी कसली, यावर अजून एकमत नाही.