मचूळ : किंचित खारट चवीसाठी इंग्रजी शब्द

खारट आणि अळणी यांच्या मधली, जिभेला जेमतेम जाणवणारी चव. पाण्याची असेल तर मराठीत तिला मचूळ म्हणतात. मत्स्यशेतीच्या लेखनात ‘निमखारे पाणी’ रूढ आहे. इंग्रजीत या चवीला सगळीकडे चालेल असा एकच शब्द नाही. खारटपणा पाण्यात आहे की ताटात, हवासा की नकोसा, हे आधी ठरवावे लागते.

पाण्यासाठी नेमका शब्द ‘ब्रॅकिश’. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; त्याहून कमी, पण गोड्या पाण्याहून जास्त क्षार असलेले ते ब्रॅकिश. ठाण्याच्या खाडीत हे घराजवळच पाहायला मिळते. दक्षिणेकडून भरतीचे पाणी शिरते, उत्तरेला अरुंद वाटेने ती उल्हासच्या खाडीला जोडलेली आहे, आणि पावसाळ्यात ओढ्यानाल्यांचे पाणी मिसळले की खारटपणा उतरतो. खाडीकाठच्या बोअरिंगचे पाणी ‘मचूळ लागते’ म्हणताना त्यात नापसंती असते. ब्रॅकिशमध्येही ती असते. म्हणून हा शब्द पदार्थाला लावू नये. ब्रॅकिश आमटी म्हणजे बिघडलेली आमटी.

‘सलाइन’ हा शब्द दवाखान्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. त्या द्रावणात ०.९ टक्के मीठ असते, म्हणजे समुद्राच्या जवळपास चौथा हिस्सा. पण हा शब्द प्रयोगशाळेचा आणि मातीच्या तपासणीचा, चवीचा नव्हे.

पदार्थाला नुसते ‘सॉल्टी’ म्हटले की मीठ जास्त झाले असे अनेकदा वाटते. ‘स्लाइटली सॉल्टी’ हे साधे आणि बिनचूक. ‘सॉल्टिश’ शब्दकोशात आहे, बोलण्यात क्वचित. ‘सेव्हरी’ हा पर्याय सर्रास सुचवला जातो, तो मात्र फसवा आहे: त्याचा रोख ‘गोड नव्हे’ याकडे असतो, त्यामुळे त्यात कोथिंबीरवडीही येते आणि तिखट शेवही. मीठ किती, हे तो सांगतच नाही.

सर्वांत सुंदर शब्द ‘ब्रायनी’. पाण्याबाबत तो भरपूर खारट असे सांगतो. पण शिंपल्यांबाबत त्यात कौतुक असते, समुद्राची चव राखल्याचे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांत शिवल्या शिजताना सुटणाऱ्या पाण्यालाच खारी चव असते, म्हणून रश्श्यात मीठ हात राखून घालतात. त्या चवीला याहून जवळचा इंग्रजी शब्द नाही.

‘सॉल्टेड’ वेगळा: तो चव नव्हे, कृती सांगतो. खारवलेला बांगडा सॉल्टेड. नुसता उन्हात वाळवलेला बोंबील नव्हे.