सुपरहिरो कथामाला आणि बाल-किशोर वाचक

एकाच काल्पनिक विश्वात घडणाऱ्या, एकमेकींत गुंतलेल्या आणि सहसा एकाच कंपनीच्या मालकीच्या सुपरहिरो-कथांचा समूह. यात कॉमिक्स, चित्रपट, मालिका, व्हिडिओ गेम व खेळणी हे सारे येते. व्रत, अचाट शक्ती आणि दुहेरी ओळख हे पीटर कूगन यांनी मांडलेले सुपरहिरोचे तीन निकष आज बरेच अभ्यासक वापरतात. बाल-किशोरांच्या ओढीचा उलगडा तिसऱ्या निकषातून अधिक होतो. जून १९३८ ही तारीख छापलेल्या, १० सेंट किमतीच्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात जेरी सीगल व जो शूस्टर यांचा सुपरमॅन आला, तो चष्मा लावणारा, बुजरा वार्ताहर क्लार्क केंट याला सोबत घेऊनच.

या कथांत मूल स्वतः केव्हा शिरले, याविषयी मतभेद आहेत. प्रचलित उत्तर रॉबिन हे आहे (‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ क्र. ३८, एप्रिल १९४०). लहान वाचकाला कथेत आपल्या वयाचे कोणी दिसावे म्हणून तो आणला, असे सांगितले जाते. बॅटमॅनचे सहनिर्माते बिल फिंगर यांनी मात्र नंतर वेगळे कारण दिले: एकट्या बॅटमॅनला बोलायला कोणी नव्हते, होम्सला वॉटसन, तसा त्याला जोडीदार हवा होता. त्यामुळे ‘लहान वाचकासाठी रॉबिन’ हे स्पष्टीकरण निदान अपुरे वाटते. शिवाय फॉसेट कंपनीचा बिली बॅटसन त्याच्याही आधीचा आहे. तो ‘व्हिझ कॉमिक्स’ क्र. २ मध्ये आला. त्या अंकावर फेब्रुवारी १९४० आहे. विक्रेत्याने अंक मांडणीवरून लवकर उतरवू नये म्हणून तारीख पुढची छापत, तेव्हा प्रत्यक्ष विक्रीचा दिवस अंकावरून ठरत नाही. क्रम मात्र हाच धरावा लागतो. रॉबिन मोठ्या माणसाच्या हाताखाली शिकतो. अनाथ बिली ‘शॅझॅम’ म्हणताच स्वतःच धिप्पाड नायक होतो. मुलाच्या इच्छापूर्तीचा शुद्ध नमुना म्हणून बिलीलाच पुढे ठेवणे सयुक्तिक दिसते.

ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’ क्र. १५ मध्ये स्पायडरमॅन आला आणि शाळकरी मुलगा मुख्य नायक झाला. किशोराला दुय्यम पात्रच ठेवा, असे प्रकाशकाने बजावले होते, ही हकिकत त्याचे लेखक स्टॅन ली यांच्याच कथनावर उभी आहे. निर्मितीत ली व चित्रकार स्टीव्ह डिट्को यांचा वाटा किती, हा वादही मिटलेला नाही. यातील नवी युक्ती अशी की, शक्ती मिळूनही पीटर पार्करची घरची ओढाताण, मे काकूचे आजारपण आणि वर्गातली टिंगल संपत नाही. उलट गुपित राखण्याची एक भर पडते. पोशाखाचेही महत्त्व आहे. बॅटमॅनची हनुवटी उघडी असते, स्पायडरमॅनचे डोळेसुद्धा झाकलेले. आत कोणत्या वर्णाचा मुलगा आहे, ते बाहेरून कळत नाही. त्यामुळे २०११ मध्ये कृष्णवर्णीय माइल्स मोरालेस त्या जागी आला, तेव्हा मुखवट्यात काहीच बदलावे लागले नाही. चेहऱ्यात तपशील जितका कमी, तितका वाचक स्वतःला त्यात सहज बसवतो, हे कॉमिक्सचे अभ्यासक स्कॉट मॅक्लाउड यांचे १९९३ मधील विवेचन येथे लागू पडते.

परिणामांविषयीचे पुरावे दोन्ही बाजूंचे आहेत. २०१७ च्या एका अमेरिकी प्रयोगात ४ व ६ वर्षांच्या १८० मुलांना १० मिनिटांचे कंटाळवाणे काम दिले. हवे तेव्हा ते सोडून खेळ खेळायची मुभा होती. बॅटमॅनसारखे पात्र होऊन काम करणारी मुले सर्वांत जास्त चिकटून राहिली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात सुपरहिरोंत रमलेली शाळापूर्व मुले वर्षभराने अधिक आक्रमक आढळली. दुबळ्याची बाजू घेण्याची वृत्ती मात्र वाढलेली नव्हती. या वयाला ठोसा कळतो, ठोशामागचे कारण कळत नाही, हा त्याचा संभाव्य अर्थ.

कथामाला अडखळते ती सातत्याच्या ओझ्याने. जुना वाचक राखण्यासाठी मागचे संदर्भ साठवत जावे, तर नव्याला आत शिरता येत नाही. सुपरमॅन-बॅटमॅनची प्रकाशक कंपनी डीसीने १९८५-८६ मध्ये १२ अंकांच्या मालिकेतून आपली अनेक समांतर विश्वे मोडून एक केली, ती याच कारणाने. स्पायडरमॅनची प्रकाशक कंपनी मार्व्हलचे चित्रपट २००८ पासून श्रेयनामावलीनंतरच्या तुकड्यांनी जोडले गेले. २०१९ च्या २२ व्या चित्रपटाची कमाई सुमारे २.८ अब्ज डॉलर झाली. २०२३ मधील ‘द मार्व्हल्स’ नीट समजायला आधीच्या वेब मालिकाही पाहिलेल्या असाव्या लागत. या मालेत त्याची कमाई सर्वांत कमी. अपयशाची इतर कारणेही दिली जातात, पण बारा वर्षांच्या प्रेक्षकाकडून त्याच्या जन्माआधीचा गृहपाठ मागणे अवघडच.

मराठी वाचकांना फँटम ‘वेताळ’ म्हणून भेटला, तो १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांतून. वेताळाला अतिमानवी शक्ती नसल्याने काही जण त्याला सुपरहिरोंचा पूर्वसूरी मानतात. दूरदर्शनवरील ‘शक्तिमान’च्या (१९९७–२००५) काळात मुलांनी अनुकरणातून स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या आल्या, भागाच्या शेवटी मुलांना सूचना देणारा तुकडाही असे. मराठी चित्रपटात ‘बाजी’ (२०१५) हा मोजक्या प्रयत्नांपैकी एक.